न म्हटलेल्या ओळीचं उत्तर

उत्तर तोंडातून निघून गेलं, आणि मग अँब्रोज टिलीच्या ध्यानात आलं की पाद्रीसाहेबांनी ओळ म्हटलीच नव्हती. म्हणायची नाही असं ठरलेलंच होतं. वसाहतींनी इंग्लंडच्या राजाला सोडलं, म्हणून गुरुवारी देवळाच्या पंचांनी बसून ते ठरवलं, शनिवारी पाद्री क्रॉक्स्टन स्वतः अँब्रोजच्या टोप्यांच्या दुकानात येऊन सांगून गेले. लोकर उकळायच्या कढईच्या वाफेत उभे राहून घाम पुसत म्हणाले, "तारणाची ओळ झाली की मी सरळ पुढं जाणार, टिली. राजाची ओळ गाळायची. तुम्हीही तिचं उत्तर गाळा. एवढंच." एवढंच होतं खरं. देवळात पाद्रीनं एक ओळ म्हणायची, त्याच्या खालच्या मेजाशी उभ्या क्लार्कनं उत्तराची ओळ म्हणायची, आणि लोकांनी क्लार्कचा आवाज धरून मागोमाग म्हणायचं. अँब्रोज हे काम त्याचा मुलगा रूफस जन्माला यायच्या आधीपासून करत होता. पुस्तक समोर उघडं असायचं, पण त्यात बघायची वेळ कधी आली होती? जुलैचा उकाडा फिलाडेल्फियावर नुसता बसून राहिला होता. शेजारच्या तबेल्यातल्या माश्या खिडकीतून आत येऊन लोकांच्या मानांवर फिरत होत्या. पाद्रीसाहेब म्हणाले, "हे प्रभू, आम्हांवर दया कर." अँब्रोज म्हणाला, "आणि तुझं तारण आम्हांला दे." मग इतकी वर्षं जिथं 'हे प्रभू, राजाचं रक्षण कर' यायचं, तिथं पाद्रीसाहेबांनी श्वास घेतला. नुसता श्वास. घ्यायला नको होता. तेवढ्या फटीत अँब्रोजची जीभ आपण होऊन शिरली. "आणि आम्ही हाक मारू तेव्हा कृपा करून आमचं ऐक." आणि त्याच्या मागून अख्खं देऊळ तेच म्हणालं. राजाविरुद्ध उठलेल्या कमिटीतले म्हणाले, त्यांच्या बायका म्हणाल्या, पहिल्या बाकावरचे मि. ब्लॅकलेज तर नेहमीच्या भरदार आवाजात म्हणाले. कुणीही न म्हटलेल्या ओळीचं उत्तर सगळ्यांनी मिळून, एका तालात, अगदी सुरेख दिलं.

पाद्रीसाहेबांचे कान लाल झाले होते. ते घाईघाईनं पुढच्या ओळीवर गेले. उरलेल्या उपासनेत अँब्रोजनं प्रत्येक उत्तर पुस्तकात बोट ठेवून वाचलं, नव्यानं अक्षरओळख झालेल्या माणसानं वाचावं तसं. सुटल्यावर दाराशी कुणी थांबलं नाही. नेहमीचे लोक, ज्यांच्या डोक्यांची मापं त्याला पाठ होती, ते आपापल्या टोप्या घालून उन्हात पसार झाले. जणू काही देवळात कुणाला तरी मोठ्यांदा ढेकर आला होता आणि तो कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक मिसेस व्हिटलॉक मात्र थांबली. सधन विधवा, नवरा जकातीच्या कचेरीत मोठा माणूस होता, आणि राजाशिवाय या देशाचं काही खरं नाही असं ती अजूनही चारचौघांत म्हणायची. तिनं हातमोज्यातला हात अँब्रोजच्या दंडावर ठेवला. "देव तुमचं भलं करो, मि. टिली," ती म्हणाली. "कुणीतरी निघालं हिमतीचं." तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. चूक झाली तेव्हा वाटलं नव्हतं, तेवढं वाईट अँब्रोजला आता वाटलं. अहो बाई, मी तुमचा नाही, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण सकाळपासून त्या तोंडावर त्याचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून त्यानं ते मिटलं.

घरी चालत जाताना अर्धा रस्ता त्याच्या बायकोचे, हेस्टरचे, जोडेच बोलत होते, विटांवर आपटून. शेवटी म्हणाली, "अहो, डुलकी लागली होती का?"

"नाही."

"मग?"

"तोंडात बसलंय ते."

"बसलंय सगळ्यांच्याच. पण सुरुवात तुमची." पाण्याच्या पंपाच्या कोपऱ्याशी ती जरा थांबली, टोपीखालचे केस आत सारले. "मीपण म्हटलं. म्हणताना रूफस आला डोळ्यांपुढं. राजाबिजा कुणी नाही." आणि पुन्हा चालू लागली. अँब्रोज तिच्या मागून चालला. त्याच्या डोळ्यांपुढं काय आलं होतं? काहीच आलं नव्हतं. खरं म्हणजे तेच त्याला खुपत होतं. राजाचा पुळका येऊन बोललो असतो तर निदान काही ठाम तरी असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराचाही त्याला कंटाळा आला. त्याला अलीकडे सगळ्याचाच कंटाळा यायचा. सभांचा, घोषणांचा, कोण आपला आणि कोण परका हे रोज नव्यानं ठरवण्याचा.

दुकानाचं दार उघडलं की ओल्या लोकरीचा नि कातडीचा वास नाकात शिरायचा. या वासातच तो म्हातारा झाला होता. बीव्हर नावाच्या पाणप्राण्याची कातडी या देशातली, जंगलात जाऊन धरणारे हात इथले, पण ती जहाजात भरून लंडनला जायची आणि तिथून टोपी होऊन परत यायची, तिप्पट भाव चढवून. इथल्या टोपीवाल्यानं आपली टोपी शेजारच्या वसाहतीत विकायची नाही, नावेतून न्यायचीसुद्धा नाही, असा तिकडे कायदाच होता. नदीपलीकडे न्यू जर्सी. अँब्रोजच्या खिडकीतून पलीकडच्या काठावर कुणी गाय पाण्यावर आणली तर दिसायची, पण तिथं टोपी विकली की गुन्हा. सख्खा भाऊ एझ्रा पलीकडे बर्लिंग्टनला राहायचा. त्याच्या लग्नाला अँब्रोज गेला तो डोक्यावर दोन टोप्या चढवून, खाली स्वतःची, वर भावाची. नावाडी वल्ह्यावर रेलून म्हणाला होता, "काय टिली, डोकं वाढलं का लग्नाच्या आनंदानं?" सगळी नाव हसली, अँब्रोजही हसला. तेव्हा हसू यायचं. पुढं मुद्रांकाचा कायदा आला, वर्तमानपत्रापासून विवाहाच्या परवान्यापर्यंत प्रत्येक कागदावर तिकडचा शिक्का पाहिजे. तो गेला तर काचेवर, रंगावर, चहावर कर आला. बोस्टनवर सैन्य बसवलं, मग बोस्टनचं बंदरच बंद करून टाकलं. त्या दिवशी शोक म्हणून इथल्या देवळांच्या घंटांना फडकी बांधून त्या वाजवल्या. या देवळाच्या घंटेला फडकं बांधायला अँब्रोज स्वतः शिडीवर चढला होता. म्हणजे तो काही झोपलेला नव्हता. हेस्टरनं चहा सोडला तेव्हा त्यानंही सोडला, आणि रास्पबेरीच्या पाल्याचा तो उकाळा रोज सकाळी तोंड वाकडं न करता प्यायला. करांबद्दल त्याला राग होता, पण राग दमतो. दमला नव्हता तो एकच सल. शहरातल्या टोपीवाल्यांनी मिळून राजाला एक अर्ज पाठवला होता. फार नम्र अर्ज. आम्ही आपली लेकरं, आमच्या पोटावर पाय येतोय, एवढं बघा. अँब्रोजनं त्यावर सही केली तेव्हा हात नीट धुऊन केली होती. आणि मग वाट बघितली.

खरी वाट बघितली ती रूफसनं. तेव्हा तो लहान होता, आणि इंग्लंडहून जहाज लागलं की धक्क्यावर पळत जायचा. परत येऊन दारातूनच विचारायचा, "बाबा, राजाचं पत्र आलं?" अँब्रोज म्हणायचा, "येईल. त्यांना कामं असतात." पुढच्या जहाजाला पुन्हा तेच. "येईल रे. लांबचा रस्ता आहे." पोरगा उंच झाला, आवाज फुटला, तो विचारायचा थांबला, आणि अँब्रोज मात्र न विचारताच मनात म्हणत राहिला, येईल. वसाहतींच्या पुढाऱ्यांनी मागच्या वर्षी शेवटचा मोठा अर्ज पाठवला, तो राजानं हातातसुद्धा घेतला नाही, अशी बातमी आली. त्या संध्याकाळी रूफस जेवणाच्या टेबलावरून उठला. मक्याची लापशी ताटात तशीच होती. ओरडला नाही, काही नाही. "बाबा, तुम्ही हाका मारत बसा," म्हणाला. "मी जातो." आणि गेला. आता तो न्यूयॉर्कला होता, खंदक खणत, समोरून येणाऱ्या इंग्रजांच्या जहाजांची वाट बघत. वाट बघणं काही त्या घरातून सुटलं नाही.

सोमवारी अँब्रोज सरकारी वाड्याच्या पटांगणात गेला. तिथं स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचणार होते. एक माणूस उंचावर उभा राहून स्वच्छ आवाजात वाचत होता, आणि मागं कुणीतरी अक्रोड फोडत होतं. राजानं हे केलं, राजानं ते केलं. आमच्या सभा बरखास्त केल्या, आमच्या घरात शिपाई ठेवले, आमच्या संमतीवाचून कर लादले, आमच्या माणसांवर समुद्रापार नेऊन खटले चालवले. अँब्रोज टोप्यांची वाट बघत होता. टोप्यांचं नाव काही येईना. आपलं गाऱ्हाणं इतकं बारीक होतं काय, असं त्याला वाटू लागलं. मग एक वाक्य आलं, की प्रत्येक जुलमाच्या वेळी आम्ही अगदी नम्रपणे दाद मागितली आणि आम्हांला उत्तर मिळालं ते नव्या जुलमाचं. अँब्रोज एकदम ताठ झाला. कुणीतरी घरात शिरून त्याचा सगळ्यात खालचा खण उघडून चारचौघांत मांडावा, तसं त्याला झालं. वाचन संपलं, गर्दीनं जयघोष केला, टोप्या हवेत उडाल्या. अर्ध्याअधिक त्याच्याच हातच्या होत्या. एक खाली पडून कुणाच्या तरी बुटाखाली गेली, तिची कड मोडली, आणि सगळं शहर स्वतंत्र होत असताना अँब्रोज वाकून ती उचलायला गेला. सरळ झाला तेव्हा त्याला वाटलं, आपण मुक्त झालो ते बरंच झालं, पण आता हाक कुणाला मारायची? असा प्रश्न त्या पटांगणात कुणाच्याही चेहऱ्यावर नव्हता. तो टोपी हातात घेऊन मालक शोधत हिंडला.

बुधवारी मि. ब्लॅकलेज दुकानात आले. कापडाचे व्यापारी, देवळाचे पंच, वॉर्डाच्या कमिटीचे सभासद, आणि त्या रविवारी अँब्रोजच्या पाठोपाठ सगळ्यांत मोठ्यानं उत्तर म्हणणारे. ते बसले नाहीत. "कमिटीत विषय निघाला, टिली. चार लोक म्हणत होते, मुद्दाम केलं."

"मुद्दाम नाही केलं."

"ते मी सांगितलं. म्हटलं, माणूस जुना आहे, पोरगा सैन्यात आहे. पण मिसेस व्हिटलॉक गावभर सांगत सुटलीय, देवळानं राजाला सोडलेलं नाही म्हणून."

"देवळात तर तुम्हीही होता," अँब्रोज म्हणाला. त्याला म्हणायचं नव्हतं.

ब्लॅकलेजांनी ठोकळ्यावरची अर्धवट टोपी उचलली, फिरवून पाहिली, ठेवली. "मी तुमच्यामागून बोललो."

"तर काय. सगळेच माझ्यामागून."

"म्हणूनच सांगायला आलो. येत्या रविवारी त्या जागी तुम्ही गप्प राहायचं. दुसरं काही नको. माफी नको, शपथ नको. पण पुन्हा तेच झालं तर तुमचं नाव वर्तमानपत्रात छापणार, देशाच्या स्वातंत्र्याचा वैरी म्हणून. मग मला काही करता येणार नाही." दारात ते वळले. आवाज जरा खाली आला. "न्यूयॉर्कच्या छावणीतही ते वर्तमानपत्र जातं, टिली. पोराचा तरी विचार करा."

दुसऱ्या दिवशी मिसेस व्हिटलॉकनं मोलकरणीबरोबर एक पुडी पाठवली. हेस्टरनं ती उघडली आणि स्वयंपाकघरात चहाचा वास पसरला, खऱ्या, काळ्या चहाचा. हेस्टर पुडी नाकाशी धरून बराच वेळ उभी राहिली. तिच्या आईच्या घरात दुपारी हाच वास असायचा, हे अँब्रोजला ठाऊक होतं. मग तिनं पुडी पहिल्यासारखी बांधली, दोरीची गाठ नीट मारली आणि मोलकरणीला म्हणाली, "बाईसाहेबांना सांग, आमच्याकडं हे चालत नाही. आणि आमचा मुलगा कुठं आहे तेही सांग." दार लावून ती भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. त्याच दिवशी शहरात बातमी होती की न्यूयॉर्कच्या पाण्यात इंग्रजांची इतकी जहाजं आलीत, की डोलकाठ्यांचं रान उगवल्यासारखं वाटतं. हेस्टरनं ते खिडकीतून ऐकलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "आता देवळात त्याच्यासाठी कुठली ओळ म्हणायची? ती तर गाळली." अँब्रोज म्हणाला, "प्रार्थना पुष्कळ आहेत." "आहेत की," ती म्हणाली. "पण मला ती सवयीची होती."

त्या आठवड्यात तो पुस्तक घेऊन न बोलण्याचा सराव करत होता. इतकी वर्षं बोलण्याचा सराव केला, आता हा. त्याला म्हातारा ओक्ली आठवायचा, आधीचा क्लार्क. अँब्रोजच्या हाती मेज देताना त्या म्हाताऱ्यानं एकच गोष्ट बजावली होती. "आवाज चांगला नसला तरी चालेल. पाठ नसलं तरी चालेल, पुस्तक आहे. पण देवळात कुणाचा आवाज एकटा पडू द्यायचा नाही. कुणी घाईनं आधी बोललं, कुणी चुकीच्या जागी बोललं, की तू लगेच त्यात मिसळ. दोन आवाज झाले की ती चूक राहत नाही, ती उपासना होते. त्यासाठीच क्लार्क असतो. बाकी पाद्रीला सगळं येतं." अँब्रोजनं हे पाळलं होतं. बहिऱ्या बायका, तोतरे म्हातारे, लहान मुलं, सगळ्यांच्या चुकांवर त्यानं आपला आवाज पांघरुणासारखा घातला होता. त्या रविवारी लोकांनीही त्याच्या चुकीवर आपला आवाज घातला, फक्त मग त्यांना त्याची लाज वाटली. ओक्लीनं तसं होईल हे काही सांगितलं नव्हतं.

रविवारी देऊळ भरलं होतं. इतकं ईस्टरलाही भरत नाही. अँब्रोज मेजाशी उभा राहिला, टोपी खुंटीला लावली, आणि खाली न बघता त्याला कळलं की सगळे त्याच्या ओठांकडे बघताहेत. हेस्टर नेहमीच्या जागी होती, मागून तिसऱ्या बाकावर, भिंतीशी, जिथं तिच्या शेजारची जागा कायम रिकामी असायची. आधी नवरा मेजाशी म्हणून, मग मुलगा सैन्यात म्हणून. उपासना पुढं सरकत गेली. "हे प्रभू, आम्हांवर दया कर." "आणि तुझं तारण आम्हांला दे." अँब्रोजनं दात जिभेवर दाबून धरले. पाद्रीसाहेबांनी या वेळी श्वास आधीच घेऊन ठेवला होता. पण पुढची ओळ म्हणण्याआधी त्यांनी, हा गप्प आहे ना, म्हणून एकदा खाली पाहिलं. आणि त्या पाहण्याचीच फट पडली.

"आणि आम्ही हाक मारू तेव्हा," मागून आवाज आला.

हेस्टरचा होता. चुकून गेलेला नव्हता. एकेक शब्द ती खाली ठेवावा तसा ठेवत होती, आणि 'हाक' म्हणताना आवाज फाटला. माना वळल्या. ब्लॅकलेजांनी डोळे मिटून घेतले. कुणीही तिच्यामागून म्हटलं नाही. इतक्या मोठ्या देवळात तिचा आवाज एकटा पडला होता, आणि ती थांबली होती. पुढचं तिला येत नव्हतं असं नाही, तिच्याच्यानं होत नव्हतं. अँब्रोजला वर्तमानपत्र दिसलं, त्यातलं आपलं नाव दिसलं, खंदकाच्या मातीत बसून ते वाचणारा रूफस दिसला. रूफस वाचेल, आणि नाव का छापलं तेही कुणीतरी त्याला सांगेल. आई काय म्हणाली तेही सांगेल. हा विचार पुरा व्हायच्या आत त्याचे दात जिभेवरून उठले होते. या वेळी जीभ आपण होऊन गेली नव्हती. त्यानं ती पाठवली.

"तेव्हा कृपा करून आमचं ऐक," तो म्हणाला, नेहमीच्या क्लार्कच्या आवाजात, मागच्या भिंतीपर्यंत जाईल असा. शेवटच्या दोन शब्दांना हेस्टर त्याच्यात येऊन मिसळली.

मग त्यानं पुस्तक मिटलं. खुंटीवरची टोपी काढून घेतली, मेजाच्या दोन पायऱ्या उतरला आणि मधल्या वाटेनं मागं चालत गेला. फरशीवर त्याच्याच बुटांचा आवाज होत होता. कमिटी काय करेल ते त्याला माहीत होतं, आणि त्याचं त्याला या क्षणी काही वाटत नव्हतं, फक्त बसावंसं वाटत होतं. तिसऱ्या बाकाशी येऊन तो म्हणाला, "सरक जरा." हेस्टर भिंतीकडं सरकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो देवळात बायकोच्या शेजारी बसला. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, पण टोपी त्याच्या हातातून काढून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

वर पाद्रीसाहेबांनी घसा साफ केला आणि पुढची ओळ म्हटली. तिचं उत्तर लहान पोरांनाही पाठ होतं. कुणी म्हटलं नाही. सगळ्यांची तोंडं रिकाम्या मेजाकडं होती. कुणीतरी आधी बोलेल, मग आपण बोलू, म्हणून सगळं देऊळ थांबलं होतं. पाद्रीसाहेबांनी ओळ पुन्हा म्हटली. माश्यांचा आवाज येत होता. ब्लॅकलेजांनी शेजाऱ्याकडं पाहिलं, शेजाऱ्यानं पुढच्याकडं.

हेस्टरनं कोपरानं ढोसलं. "म्हणा की," ती पुटपुटली.

अँब्रोजनं मान हलवली, हात मांडीवर ठेवले, आणि तोही इतरांसारखा वाट बघू लागला.